नावं ठेवलेली गवतं

येलदरीला लोक धरण बघायला जातात. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर बांधलेलं हे धरण 1968 साली पूर्ण झालं. चार किलोमीटरहून लांब भिंत, पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन संच असलेलं वीजघर आणि मागं नजर पोचेल तिथवर पाणी. पावसाळ्यात दरवाजे उघडले की परभणी, हिंगोली, जिंतूर, सेनगाव अशा चारी बाजूंनी माणसं येतात, तुषार अंगावर घेतात, भजी खातात, मोबाइल ओला करून घेतात आणि समाधानानं परत जातात. त्यांना काही होत नाही. फसतात ते दिवाळीनंतर येणारे. तेव्हा पाणी संथ असतं, ऊन कोवळं असतं, फोटो चांगले निघतात आणि ''अजून थोडं मागं सरका'' म्हणणारा एक तरी भाचा सोबत असतो. मागं सरकल्यावर जे असतं त्याला ढोबळमानानं गवत म्हणतात.

परतीच्या वाटेवर गाडीत चुळबुळ सुरू होते. काकूंना पोटरीला टोचतंय, काकांच्या मोज्यात काहीतरी शिरलंय, आत्याच्या पदराला हिरवट गोळ्यांची माळ लागलीय, आणि भाच्याच्या बुटांच्या नाड्या आता सोडवता येणार नाहीत, कापाव्याच लागतील. ''हे काय गं चिकटलंय?'' असा प्रश्न निघतो आणि ज्याला त्याला आपापलं बालपण आठवतं. कुणी म्हणतं गोखरू, कुणी सराटा, कुणी कुसळ, कुणी चिकटा, कुणी कुत्री, आणि मागच्या सीटवरून आजोबा ठामपणे ''लांडगा'' म्हणतात. गाडीत माणसं पाच आणि नावं सहा. यात चूक बहुधा कुणाचीच नसते.

कारण या झाडोऱ्याचं बारसं पंडितांनी केलेलं नाही. ज्याला टोचलं, त्यानं केलं. अशा नावाकडे नाव म्हणून न पाहता फिर्याद म्हणून पाहिलं तर बराच उलगडा होतो. पायाला लागलं तर एक नाव, धोतराला लागलं तर दुसरं, मेंढीच्या लोकरीत अडकलं तर तिसरं. मराठीत नाव ठेवतात बारशाला आणि नावं ठेवतात बारशाच्या पंगतीत. काटेरी गवतांच्या बाबतीत हे दोन्ही विधी एकाच बैठकीत उरकले गेले.

आता 'गवत' म्हणजे काय, यावरही थोडं एकमत करून घ्यायला हवं, कारण ते होत नाही. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याची व्याख्या सुटसुटीत आहे. पेरलं ते पीक, न पेरता आलं ते गवत. वनस्पतिशास्त्रज्ञाला हे चालत नाही. त्याच्या हिशोबानं कुसळी खरं गवत आहे, म्हणजे ज्वारी-बाजरीचं नातलग. गोखरू म्हणून ज्याला शिव्या घालतात ते झाड सूर्यफुलाच्या कुळातलं आहे, आघाडा राजगिऱ्याच्या कुळातला, आणि सराट्याचं कुळ आणखी वेगळं. म्हणजे पँटला जे चिकटतं ते एका घराण्याचं कारस्थान नाही. भिन्न भिन्न कुळांतल्या मंडळींनी स्वतंत्रपणे एकच धंदा शोधून काढला आहे. धंदा असा, की आपल्याला पाय नाहीत, तर दुसऱ्याचे वापरायचे.

सुरुवात सराट्यापासून करावी, कारण तो सगळ्यात खाली असतो. सराटा जमिनीला अंग टाकून पसरतो. पानं हरभऱ्याच्या पानांची आठवण करून देणारी, फूल पाच पाकळ्यांचं, पिवळं आणि खरंच देखणं. कौतुकानं वाकून बघावं असं ते फूल आहे, फक्त वाकताना गुडघा टेकू नये. फळ वाळलं की त्याच्या पाच फाकी होतात. प्रत्येक फाकीला दोन मोठे काटे आणि दोन छोटे. फाक कशीही पडली तरी एक काटा आकाशाकडे बघत राहतो. युद्धात घोड्यांच्या वाटेवर पसरायचे लोखंडी काटे याच तत्त्वावर बनत आणि आपल्याकडे त्यांनाही गोखरूच म्हणत. युरोपातल्या लोकांना तेच सुचलं होतं. लिनिअसनं 1753 साली या झाडाचं शास्त्रीय नाव पक्कं केलं 'ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस', आणि त्यातलं ट्रिब्युलस म्हणजे तसल्याच लोखंडी काट्याचं जुनं नाव. संस्कृतात गोक्षुर, म्हणजे गाईचं खूर. तीन संस्कृती, तीन भाषा, आणि तिन्हींत एकालाही फूल दिसलं नाही.

सराटा पायात रुतला की खेड्यातला माणूस ओरडत नाही. तो एका पायावर थांबतो, दुसरा पाय गुडघ्यावर टेकवतो, तळवा उलटा करून त्याच्याकडे हातावरची रेषा वाचावी तसा बघतो, बोटाला थुंकी लावून धूळ पुसतो आणि चिमटीनं फाक उपटतो. टोक आत राहिलं तर बाभळीचा काटा शोधायचा. काट्यानं काटा काढणे हा वाक्प्रचार शाळेत अलंकारिक अर्थानं शिकवतात. जिंतूरच्या माळावर तो अजून प्रथमोपचारात मोडतो. पूर्वीच्या म्हाताऱ्यांच्या चंचीला एका कडीत ओवलेला चिमटा आणि कानकोरणं लटकलेलं असायचं. पान-तंबाखू मागणारे खूप, पण चिमटा मागणाऱ्याला जास्त मान मिळायचा, कारण त्याचं काम तातडीचं असायचं.

अमेरिकेत हा सराटा 1900 च्या सुमारास कॅलिफोर्नियात पोचला आणि तिथून पश्चिमेकडच्या राज्यांत पसरला. तिथल्या लोकांचे पाय बुटात असल्यामुळं फिर्याद सायकलीनं केली. एक नाव पडलं 'पंक्चर वेल' या अर्थाचं, आणि दुसरं 'बोकडाचं डोकं', कारण फाकीचे दोन मोठे काटे शिंगांसारखे दिसतात. 1961 साली अमेरिकेनं इटलीहून दोन जातींचे सोंडे मागवून सराट्यावर सोडले. सोंड्यांनी काम केलं, पण संपवला नाही. आयडाहो राज्यातल्या बॉयझी शहरानं शेवटी हार मानून 2018 पासून या काट्याच्या नावानं सायकलवाल्यांचा उत्सवच सुरू केला. लोक रंगीबेरंगी पोशाख घालून सायकलींची मिरवणूक काढतात आणि काटे उपटण्याच्या मोहिमा राबवतात. आपल्याकडे सायकल पंक्चर झाली तर संशय पंक्चरवाल्यावर घेतात, त्यानं म्हणे रस्त्यावर खिळे टाकले. सराट्यावर कुणी संशय घेत नाही. गावचा आहे ना.

गोखरूची भानगड मात्र नावातच आहे. जिंतूरला काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन गोखरू मागितलं तर दुकानदार सराट्याचं फळ पुडीत बांधून देतो. दशमुळांत जो गोक्षुर आहे तो हाच. पण शेतात खुरपणाऱ्या बाईला ''मावशी, गोखरू कुठलं?'' विचारलं तर ती बांधावरच्या कमरेएवढ्या, रुंद खरखरीत पानांच्या झाडाकडे बोट दाखवते. त्याला येणारी आकडेदार, बोटाच्या पेराएवढी लंबगोल बोंडं म्हणजे तिचं गोखरू. पुस्तकात त्याला शंकेश्वर असंही नाव सापडतं. दोन्ही माणसं बरोबर आहेत, आणि दोघांच्या मधे सापडलेला गिऱ्हाईक अडचणीत आहे. कारण पहिलं औषध आहे आणि दुसऱ्याचं बी आणि कोवळं रोप विषारी. नुकत्याच उगवलेल्या दोन दलांच्या अवस्थेत ते गुरांच्या पोटात जास्त गेलं तर गुरं दगावतात. तिकडं गुजरातेत आणि समुद्रकाठच्या भागात तिसरंच एक झाड 'मोठं गोखरू' म्हणून विकलं जातं. तेव्हा वैद्यानं गोखरू सांगितलं आणि आपण ते बांधावरून फुकट आणलं, इतकी काटकसर बरी नव्हे.

या दुसऱ्या गोखरूचं बोंड एकदा तळहातावर घेऊन बघण्यासारखं आहे. तळहातावरून ते उतरवताना वेळ मिळतोच. टोकाला दोन वाकड्या चोची. अंगभर काटे, पण सरळ नाहीत, प्रत्येकाचं टोक आत वळलेलं. सरळ काटा टोचतो आणि सोडून देतो, हा टोचत नाही, धरतो. बोंड सुरीनं उभं चिरलं तर आत दोन खण आणि दोन बिया. त्यातलं एक बी बहुधा पुढच्याच पावसाळ्यात उगवतं आणि दुसरं मागं थांबतं. एका वर्षानं, कधी त्याहूनही उशिरा निघतं. शेतकऱ्यानं एका हंगामात बांध साफ केला, पुढच्या वर्षी शेजाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ''आमच्याकडं गोखरू राहिलंच नाही'' म्हणाला, की दुसऱ्या बीची पाळी येते. घरातल्या दोन भावांपैकी एकानं शहरात जायचं आणि एकानं शेत राखायचं, हा मराठवाड्यातला व्यवहार गोखरूनं कुठून उचलला कळत नाही.

धरणाशी त्याचं विशेष जमतं. बोंडं हलकी असतात, पाण्यावर तरंगतात. पूर्णेला पूर आला की वरच्या अंगाची बोंडं फुगवट्यात येऊन काठाला लागतात. मग उन्हाळ्याकडे पाणी मागं सरकतं, गाळाची जमीन उघडी पडते, लोक तिथं गाळपेर करतात. भिजलेली, पोसलेली, फुकट मिळालेली जमीन. तिच्यावर डोळा ठेवून बसलेला माणूस उशिरा पोचतो, कारण गोखरू आधीच उतरलेलं असतं, पाणलोटातून, विना अर्ज.

येलदरीत वीज तयार होते आणि गोखरूला अंधार लागतो, हा योगायोगही नोंदवायला हवा. फुलं येण्यासाठी या झाडाला लांब रात्र हवी; साधारण साडेआठ तासांचा सलग अंधार. 1938 साली हॅम्नर आणि बॉनर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी गोखरूच्या झाडांवर प्रयोग केले तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. दिवसा मधेच थोडा वेळ अंधार केला तर झाडाला काही फरक पडत नव्हता, पण लांब रात्रीच्या मध्यावर काही मिनिटं दिवा लावला की ते फुलायचं नाकारत होतं. झाडं दिवसाची लांबी मोजतात असं तोवर सगळे समजत होते. गोखरूनं सांगितलं की मोजायची असते ती रात्र. वनस्पतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा प्रयोग आजही शिकवतात. एवढ्या मानाच्या झाडाला आपण बांधावरून 'मेलं गोखरू' म्हणतो. आणि त्याला फुलायला अशी एकच लांब रात्र पुरते. मराठवाड्यात वीज मंडळाच्या कृपेनं त्याची ही गरज अनेक वर्षं न मागता भागत आली.

मग कुसळ. इथून पुढं खरं गवत सुरू होतं.

जिंतूरच्या डोंगराळ पट्ट्यातल्या मुरमाड माळांवर पावसाळ्यानंतर जी तांबूस-सोनेरी लाट दिसते, तिच्यात मोठा वाटा कुसळी गवताचा. कोवळं असताना गुरं ते आनंदानं खातात. माळावरच्या गवतांत शेडा, पवना, मारवेल, डोंगरी यांच्या रांगेत कुसळीचंही नाव घेतलं जातं, पण अट एकच: कुसळं पिकायच्या आत कापा. पिकली की प्रत्येक बीला काळपट, बोटभर लांब शेपटी येते आणि या शेपट्या एकमेकींत अशा गुंततात की वेणी घातल्यासारखे झुपके वाऱ्यावर हलत राहतात. बीच्या दुसऱ्या टोकाला सुई असते, आणि सुईवर मागं वळलेली बारीक केसं. म्हणजे पुढं जायला मोकळीक आणि मागं यायला बंदी. हे एवढं यंत्र पुरेसं नाही म्हणून शेपटीला पीळ असतो. कोरड्यात तो आवळतो, दमट हवेत सुटतो. रात्री दवानं सुटतो, दुपारी उन्हानं आवळतो, आणि या रोजच्या उलट-सुलट फिरण्यात बी जमिनीत स्क्रूसारखं घुसत जातं. स्वतःची पेरणी स्वतः करणारं हे बी तिफणीवाल्याला मजुरी देत नाही.

येलदरीच्या परिसरातल्या पोरांना हे कुणी शिकवावं लागत नाही. कुसळ तळहातावर ठेवायचं, थुंकीचा एक थेंब लावायचा आणि बघत बसायचं. ते आळस देत गर्रकन वळतं. ''जित्तं हाय!'' असं लहान भावाला सांगून त्याच्या सदऱ्यात टाकायचं. हा खेळ ज्यांनी खेळला त्यांना पुढचा किस्सा आवडेल.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री केटर नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी विल्यम लॅम्बटनच्या हाताखाली दक्षिण हिंदुस्थानच्या मोजणीवर होता. हा तोच लॅम्बटन, ज्यानं हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली आणि जो 1823 साली नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. मोजणी करणाऱ्यांना हवेतला दमटपणा कळणं गरजेचं होतं, कारण हवेमुळं दुर्बिणीतली नजर फसते. केटरला म्हैसूरच्या बाजूला हे कुसळी गवत सापडलं. त्यानं कुसळाच्या पिळाला काटा जोडला आणि हवा दमट झाली की कुसळ सुटताना काटा किती फिरतो, ते मोजणारं आर्द्रतामापक यंत्र बनवलं. त्यावर त्यानं विद्वानांसाठी निबंधही लिहिला. म्हणजे लहान भावाच्या सदऱ्यात जे टाकलं जात होतं, त्याच्यावर कंपनी सरकारचा भरवसा होता.

मेंढपाळांचा भरवसा मात्र नाही. पिकलेल्या कुसळीत कळप घातला तर कुसळं लोकरीतून कातडीपर्यंत पोचतात आणि तिथंही त्यांचं फिरणं थांबत नाही. दव आहे, ऊन आहे, पीळ आहे. त्यांना माती आणि मेंढी यांतला फरक समजावून सांगणारं कुणी नसतं. मोज्यात शिरलेल्या कुसळाचंही तेच. ते मोज्यातून बाहेर ओढलं तर येत नाही, आत ढकलून पलीकडून काढावं लागतं, आणि पलीकडे पाय असतो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण ज्यानं पहिल्यांदा वापरली त्याच्या डोळ्यात कधी कुसळ गेलेलं नसणार. गेलं असतं तर ते क्षुल्लक गोष्टीचं उदाहरण म्हणून त्याला सुचलंच नसतं. म्हणीत त्या दोघांची अदलाबदल करायला हरकत नाही. मुसळ निदान डोळ्यात मावत नाही.

जनावरांच्या नावांचं प्रकरण वेगळंच. खालच्या दर्जाची, चिवट आणि कपड्याला लोंबणारी जी बोंडं किंवा कणसं असतात त्यांना कुठं कुत्री म्हणतात, कुठं लांडगा, आणि ज्यांना प्राण्यांवर अन्याय करायचा नाही ते नुसतं चिकटा म्हणतात. तेच नाव कोकणात एका झाडाला, देशावर दुसऱ्या, आणि मराठवाड्यात एकाच तालुक्याच्या दोन टोकांना दोन वेगळ्यांना. वनस्पतींच्या पुस्तकात स्थानिक नावं गोळा करणाऱ्यांची यात दमछाक होते. ते गावात येतात, वही काढतात, ''आबा, याला काय म्हणता?'' विचारतात. आबा झाडाकडं बघत नाहीत, विचारणाऱ्याच्या पँटकडं बघतात आणि म्हणतात, ''कुत्री. लई लागल्यात तुमाला.'' वहीत नोंद होते. संध्याकाळी पलीकडच्या वाडीत त्याच झाडाला लांडगा म्हणतात आणि कुत्री म्हणून भलतंच काही दाखवतात. तरी आबांचं नाव चुकीचं ठरत नाही, कारण त्यांनी झाडाची जात सांगितलीच नव्हती, वर्तणूक सांगितली होती. रात्रीच्या वेळी अंगावर येऊन धोतर धरणारं जे काही असेल ते कुत्रं.

वर्तणुकीवरून नाव देण्यात आपला हात धरणारं कुणी नाही. तळ्याकाठी, नाल्याकाठी, कसंही तोडलं तरी फुटणाऱ्या जांभळट फुलांच्या झुडपाला बेशरम. अंगाला वास असलेल्या टणटणीला घाणेरी. आणि 1955-56 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलेल्या गाजर गवताला चक्क काँग्रेस गवत. त्या वेळी सगळीकडं काँग्रेस होती आणि थोड्याच वर्षांत हेही सगळीकडं झालं, एवढं साम्य नाव चिकटायला पुरलं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात या गवतावर सोडायला मेक्सिकन भुंगे वाढवतात आणि शेतकऱ्यांना देतात. काँग्रेस संपवायला परदेशातून मदत मागवावी लागली, असं पारावरच्या मंडळींना यावर बोलता येतं, आणि ती बोलतात.

ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी फिर्यादीत गावाचं नाव घालायची पद्धत ठेवली. गोखरूचा एक काटेरी भाऊ 1840 च्या दशकात चिलीहून आणलेल्या घोड्यांच्या शेपट्यांत अडकून न्यू साउथ वेल्समध्ये उतरला. त्याला त्यांनी बॅथर्स्ट नावाच्या गावाचं नाव दिलं. पुढं अमेरिकेतून आणलेल्या सरकीच्या बियाण्याबरोबर दुसरं गोखरू आलं, ते क्वीन्सलँडमध्ये नूगूरा नावाच्या एका मोठ्या मेंढीवाड्याच्या परिसरात पसरलं आणि त्याच वाड्याच्या नावानं कायमचं ओळखलं जाऊ लागलं. लोकर हा तिथला मोठा धंदा, आणि लोकरीतलं बोंड म्हणजे भाव पडणं. आपल्याकडं एखाद्या तणाला 'येलदरी गोखरू' असं अधिकृत नाव पडलं, तर ग्रामसभेत त्याच आठवड्यात निषेधाचा ठराव होईल, आणि शेजारच्या गावाचं नाव सुचवणारी दुरुस्तीही एकमतानं मंजूर होईल.

या सगळ्यांत पैसा केला तो एका स्विस इंजिनिअरनं. जॉर्ज द मेस्त्राल 1941 साली कुत्र्याला घेऊन डोंगरात फिरायला गेला, परत आल्यावर कुत्र्याच्या केसांना आणि स्वतःच्या कपड्यांना लागलेली बोंडं काढत बसला. इथवर ही येलदरीच्या प्रत्येक पर्यटकाची गोष्ट आहे. फरक पुढं पडला. त्यानं एक बोंड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, आकडे पाहिले, आणि एका पट्टीवर आकडे, दुसरीवर फासे अशी कापडी जोडी बनवायच्या मागं दहाएक वर्षं लागला. 1955 साली त्याला पेटंट मिळालं. आज ती पट्टी चपलेला, शाळेच्या दप्तराला, कंबरपट्ट्याला असते आणि सोडताना चर्रकन आवाज करते. त्याचं ते बोंड आपल्या गोखरूचं नव्हतं, पण सूर्यफुलाच्याच कुळातलं होतं आणि आकड्याची तऱ्हा तीच. आपल्या लोकांनी असंख्य बोंडं ओढून काढली आणि त्यांना नावं ठेवली. द मेस्त्रालनं नाव ठेवायला थोडा उशीर केला. त्यानं आधी पट्टी बनवली आणि मग मखमल आणि आकडा या अर्थाच्या दोन फ्रेंच शब्दांचे तुकडे जोडून तिला वेलक्रो म्हटलं.

उरतो आघाडा. काटेरी मंडळींत हा एकटा देवाधर्माचा. श्रावणात जिवतीच्या पूजेला आघाडा-दुर्वांची माळ लागते, गणपतीच्या एकवीस पत्रींत त्याचं पान असतं, ऋषिपंचमीला बायका आघाड्याच्या काडीनं दात घासतात. भाद्रपदात जिंतूरच्या बाजारात मावश्या त्याच्या जुड्या मांडून बसतात आणि लोक घासाघीस करून विकत घेतात. ''दोन जुड्यांचे एवढे? रानात फुकट मिळतंय.'' ''मग जावा की रानात,'' असं उत्तर मिळतं आणि सौदा तिथंच मिटतो. दोन महिने जातात. त्याच आघाड्याच्या उंच, बारीक तुऱ्यावरची फळं पिकतात, खाली तोंड करून दांडीला चिकटून बसतात, आणि त्यांच्या टोकदार कवचांना जवळून जाणारा कुठलाही कपडा चालतो: धोतर, लुगडं, जीन्स, शाळेचा गणवेश. भाद्रपदात देवापुढं, कार्तिकात धोतराला.

अशाच एखाद्या कार्तिकातल्या बाजारच्या दिवशी कुणाला तरी वैद्यानं आघाडा सांगितलेला असतो. गृहस्थ शेतातून वाट काढत बाजारात येतात, दोन-चार पाट्या धुंडाळतात, कुठं दिसत नाही. शेवटी ओळखीच्या मावशीपुढं थांबतात. ''मावशी, आघाडा मिळंल का?'' मावशी पाटीतल्या मेथीवर पाणी शिंपडत असतात. त्या मान वर करून गृहस्थांच्या पायांकडं एकदा बघतात.

''काका, इकत कशाला घेता? गुडघ्यापर्यंत घेऊन आलाव की.''